अँजिओग्राफी निर्दोष, छातीतील कळ मात्र कायम : सूक्ष्मवाहिन्यांच्या हृदयविकारात स्त्रियांचे औषधपाणी

रांजणगाव, कारेगाव, ढोकसांगवी या परिसरातून, आणि एकंदर शिरूर व दौंड तालुक्यांतील अनेक घरांतून, एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा विचारला जातो. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बाईच्या छातीत दडपण येते, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून येताना किंवा कारखान्याचा जिना चढताना धाप लागते, कधी जबड्यात तर कधी दोन खांद्यांच्या मध्ये कळ निघते. पदरमोड करून तिला पुण्यास नेले जाते, अँजिओग्राफी होते, ‘ब्लॉकेज नाही’ असा अहवाल हाती पडतो, आणि तरीही डॉक्टर चार गोळ्या लिहून देतात. नळ्या मोकळ्या असतील तर या गोळ्या कशासाठी, त्या किती दिवस घ्यावयाच्या, आणि घेऊनही कळ थांबत नसेल तर पुढे काय करावयाचे, याचा खुलासा मात्र गर्दीच्या दवाखान्यात पुष्कळदा राहून जातो. मग पहिल्या महिन्याचा औषधांचा साठा संपला की गोळ्याही संपतात आणि दुखणे ‘पित्ताच्या’ नावावर खपून जाते.

हा लेख त्या खुलाशासाठी आहे. आपल्या डब्यातील प्रत्येक गोळीचे काम आपल्याला ठाऊक असावे, कारण ज्या गोळीचे काम ठाऊक असते ती निष्कारण बंद केली जात नाही आणि निष्कारण चालूही राहत नाही. कोणत्या औषधाची किती मात्रा घ्यावी हे ठरविण्याचा अधिकार आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच आहे. त्यांच्याशी नेमके बोलता यावे एवढी सिद्धता येथे करावयाची आहे.

दुखणे खरे आहे, हे प्रथम मान्य करावे

अँजिओग्राफीत हृदयाच्या केवळ मोठ्या धमन्या दिसतात. त्यांच्यापासून फुटणाऱ्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक अशा वाहिन्या त्या चित्रात उमटत नाहीत. आणि हृदयाच्या स्नायूला प्रत्यक्ष रक्त वाटून देण्याचे काम तर त्यांचेच असते. चासकमानच्या कालव्याला पाणी वाहते असूनही चारी अरुंद झाली असेल तर शेवटच्या वावराला ते पोहोचत नाही, हे शिरूरच्या शेतकऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. हृदयातही तसेच घडते. या बारीक वाहिन्या श्रमाच्या वेळी पुरेशा रुंदावत नाहीत किंवा अवेळी आकसतात, आणि स्नायूला प्राणवायू अपुरा पडून कळ येते. यालाच सूक्ष्मवाहिन्यांचा हृदयशूल म्हणावे.

हा विकार नव्याने शोधलेला नाही. अमेरिकेतील हृदयतज्ज्ञ हार्वे केम्प यांनी १९७३ मध्ये अशा रुग्णांच्या संदर्भात ‘सिंड्रोम एक्स’ हे नाव वापरले. पुढे १९९६ पासून तेथे केवळ स्त्रियांच्या हृदयविकाराचा मोठा अभ्यास हाती घेण्यात आला, आणि मोठ्या धमन्यांत अडथळा नसूनही छातीत दुखणाऱ्या ज्या स्त्रियांची सूक्ष्म चाचणी झाली, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत या बारीक वाहिन्यांचा दोष आढळला. डेन्मार्कमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, हृदयशूलासाठी अँजिओग्राफी केलेल्या स्त्रियांपैकी ६५ टक्क्यांत लक्षणीय अडथळा सापडला नव्हता; पुरुषांत हेच प्रमाण ३२ टक्के होते. अशा रुग्णांना पुढे हृदयविकाराच्या झटक्याचा धोका निरोगी माणसांपेक्षा अधिक असतो, हेही त्याच पाहणीत दिसले. तेव्हा ‘ब्लॉकेज नाही’ याचा अर्थ ‘स्टेंटची गरज नाही’ एवढाच घ्यावा. ‘आजार नाही’ असा घेऊ नये.

कळ कधी तातडीची मानावी

या विकारात कळ पुष्कळदा दहा मिनिटांहून अधिक रेंगाळते, श्रम थांबविल्यावरही मागे राहते, आणि मनस्तापानंतर किंवा विश्रांतीतही उद्भवते. म्हणून आपल्या नेहमीच्या कळेचे स्वरूप आपण ओळखून ठेवावे, आणि पुढीलपैकी काहीही घडल्यास घरगुती इलाज न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी :

- नेहमीपेक्षा तीव्र, किंवा निराळ्या जागी अथवा निराळ्या प्रकारची कळ;
- जिभेखाली गोळी ठेवून पाच मिनिटे झाली तरी न ओसरणारी किंवा वाढत जाणारी कळ;
- कळेबरोबर दरदरून घाम, उलटी, बेशुद्धी किंवा बसल्या जागी धाप;
- मधुमेही स्त्रीस अचानक आलेला विलक्षण थकवा व धाप, मग छातीत कळ नसली तरी.

एकदा अँजिओग्राफी निर्दोष निघाली म्हणून पुढे झटका येणारच नाही, असा भरवसा कोणीही देऊ शकत नाही. तातडीच्या प्रसंगी ई.सी.जी. काढून घेणे हा आपला आग्रह असावा.

गोळ्या ठरण्यापूर्वी निदान कोणत्या पायरीवर आहे ते विचारावे

१. इतर कारणे तपासली का? रक्तक्षय आणि थायरॉइडचा दोष ही दोन्ही कारणे आपल्याकडील स्त्रियांत वारंवार आढळतात आणि दोहोंमुळे हृदयशूल बळावतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, चरबी व मूत्रपिंडाचे कार्य यांच्या तपासण्या अल्प खर्चात होतात. त्या अगोदर व्हाव्यात.

२. दोष कोणत्या जातीचा आहे? वाहिनी पुरेशी रुंदावत नाही की ती अवेळी आकसते, यावर औषधाची निवड अवलंबून असते. श्रमाने येणारी कळ पहिल्या प्रकाराकडे, तर पहाटे किंवा विश्रांतीत येणारी कळ दुसऱ्या प्रकाराकडे बोट दाखविते. अर्थात दोन्ही प्रकार एकत्रही असू शकतात.

३. निश्चितीची चाचणी शक्य आहे का? अँजिओग्राफीच्याच वेळी बारीक तार आत सरकवून अ‍ॅडिनोसिनने रक्तप्रवाहाची राखीव क्षमता, आणि अ‍ॅसिटिलकोलीनने वाहिनीची आकसण्याची प्रवृत्ती मोजता येते; हृदयाच्या एम.आर.आय. किंवा पेट तपासणीतूनही काही अंदाज मिळतो. स्कॉटलंडमधील १५१ रुग्णांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात, अशा चाचणीनुसार औषध निवडलेल्या रुग्णांची कळ सहा महिन्यांत अधिक कमी झाली. या सोयी मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांतच मिळतात. परंतु त्या न मिळाल्या म्हणून उपचार अडत नाहीत. लक्षणांवरून एक औषध सुरू करावे, चार ते सहा आठवड्यांनी परिणाम पाहावा आणि त्यानुसार बदल करावा, ही पद्धतही मान्य आहे.

पहिले काम : कळ कमी करणाऱ्या गोळ्या

- बीटा-ब्लॉकर (मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, नेबिवोलोल, कार्वेडिलोल). नाडी संथ करून हृदयाची प्राणवायूची मागणी घटवितात. श्रमाने येणाऱ्या कळेत सहसा प्रथम यांचीच निवड होते. दमा असल्यास अगोदर सांगावे. साखर कमी झाल्याची धडधड यांमुळे जाणवत नाही, म्हणून इन्शुलिन घेणाऱ्या स्त्रियांनी विशेष जपावे. ही गोळी एकाएकी बंद केल्यास कळ उसळून येते. ती नेहमी डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करावी.
- कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर (अ‍ॅम्लोडिपीन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल). आकसणाऱ्या वाहिन्या सैल करतात, म्हणून विश्रांतीतील कळेत यांना अग्रमान. अ‍ॅम्लोडिपीनने पावलांवर येणारी सूज स्त्रियांत अधिक दिसते. व्हेरापामिलने बद्धकोष्ठ होते. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल यांच्याबरोबर बीटा-ब्लॉकर चालू असेल तर नाडी धोकादायक संथ होऊ शकते. दोन डॉक्टरांकडून दोन गोळ्या आल्या असतील तर हे आवर्जून विचारावे.
- नायट्रेट (सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन). जिभेखालची गोळी नेहमी बसून घ्यावी, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते. सूक्ष्मवाहिन्यांच्या विकारात हिचा गुण काहींना पुरता येतो, काहींना अर्धामुर्धा; न आल्यास दुखणे खोटे ठरत नाही. रोजच्या नायट्रेटच्या गोळ्यांत रात्रीची मोकळी वेळ हेतुपुरस्सर ठेवलेली असते, अन्यथा शरीर औषधाला सरावते. ते अंतर स्वतः बदलू नये.
- निकोरँडिल. वरील औषधे पुरेशी न पडल्यास जोडतात. डोकेदुखी होते, तोंडात न भरणारे व्रण आल्यास त्वरित कळवावे.
- रॅनोलझीन. हृदयाच्या स्नायूंवरील ताण सैल करते. नाडी व रक्तदाबावर फारसा परिणाम नसल्याने संथ नाडीच्या रुग्णांस सोयीचे. सर्वांनाच गुण येतो असे मात्र नाही : २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, बहुतांशी स्त्रियाच असलेल्या एका परीक्षणात सरसकट लाभ दिसला नाही. बद्धकोष्ठ व चक्कर येते. ई.सी.जी.तील लय बिघडविण्याची प्रवृत्ती असल्याने, खोकल्या-तापासाठी प्रतिजैविक देणाऱ्या डॉक्टरांना या गोळीचे नाव सांगावे.
- इव्हाब्रॅडीन व ट्रायमेटाझिडीन. पहिले नाडी संथ करते आणि क्वचित डोळ्यांपुढे प्रकाशाचे झोत दाखविते. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिलबरोबर ते चालत नाही. दुसरे कंपवाताच्या रुग्णांस देत नाहीत.
- अल्पमात्रेतील इमिप्रामीन. हृदयाची वेदना अतितीव्रतेने जाणवणाऱ्या रुग्णांत वेदनेची संवेदना मंद करण्यासाठी देतात. हे औषध मनोविकारावरही चालते, तेवढ्यावरून ‘मला वेडी ठरविले’ असा समज कोणी करून घेऊ नये.

दुसरे काम : वाहिन्यांचे रक्षण करणाऱ्या गोळ्या

या गोळ्यांनी आज कळ थांबत नाही, आणि म्हणूनच त्या सर्वांत आधी सोडल्या जातात. वस्तुतः पुढील वर्षांचे रक्षण त्यांच्याकडेच सोपविलेले असते.

- स्टॅटिन (अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन). चरबी उतरविते आणि वाहिनीच्या आतील अस्तराचे कार्य सुधारते. स्नायू असह्य दुखल्यास किंवा लघवी गडद झाल्यास कळवावे. पाय किंचित दुखले म्हणून परस्पर सोडू नये.
- रॅमिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन इत्यादी. रक्तदाब आणि मधुमेह असणाऱ्यांस विशेष उपयुक्त. पहिल्या दोहोंनी येणारा कोरडा खोकला स्त्रियांत अधिक आढळतो. खोकल्याची औषधे पीत बसण्यापेक्षा गोळी बदलून मागावी.
- अ‍ॅस्पिरिन. ‘रक्त पातळ करणारी’ ही गोळी सर्वांस लागतेच असे नाही; मोठ्या धमन्यांत चरबीचे थर दिसले असतील तर तिचे कारण असते. आपल्या बाबतीत ते काय आहे हे विचारावे, आणि शौचास काळी होत असल्यास विलंब न लावता सांगावे.

पाळी गेल्यानंतर हा विकार वाढतो, म्हणून हार्मोनच्या गोळ्या हृदयाचे रक्षण करतील असा समज एके काळी होता. २००२ साली अमेरिकेतील मोठ्या परीक्षणाने तो खोडून काढला. हृदयासाठी म्हणून त्या घेऊ नयेत.

आपल्याकडे वारंवार होणाऱ्या चुका

- उपवासाच्या दिवशी गोळी चुकविणे. संकष्टी असो वा महागणपतीच्या दर्शनाची अंगारकी, औषधाने व्रतभंग होत नाही. आपल्या परंपरेनेही औषधाला मोकळीक दिलेली आहे. मधुमेहाच्या गोळ्यांची उपवासाच्या दिवसाची मात्रा मात्र आधीच ठरवून घ्यावी, आणि दर्शनाच्या रांगेत जिभेखालची गोळी जवळ असावी.
- मिश्री लावणे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्यासाठी म्हणून घेतली जाते, परंतु तिच्यातील निकोटीन हिरड्यांतून रक्तात जाऊन वाहिन्या आकसविते. गोळ्यांनी जे सकाळी मिळवावे ते मिश्रीने दुपारी घालवावे, असे होऊ नये. डॉक्टरांपुढे ही सवय लाजून लपवू नये. ती सोडविण्यास साहाय्य मिळते.
- गुडघेदुखीच्या गोळ्या. औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या रक्तदाब चढवितात आणि हृदयरुग्णांस अपायकारक ठरतात.
- पाळीचे काम. रात्रपाळीच्या आठवड्यात गोळ्यांच्या वेळा कशा बदलाव्यात हे लिहून घ्यावे. अंदाजाने दोन मात्रा एकत्र घेऊ नयेत.
- काढे व भस्मे लपविणे. अर्जुनसालीचा काढा असो वा अन्य काही, चालू असल्यास तसे सांगावे.
- पतीच्या गोळ्या वापरणे. तीच कळ दिसली तरी तेच औषध नसते.

औषधाइतकेच महत्त्व चालण्यास आहे. कळ येईल या धास्तीने बसून राहिल्यास कळ अल्पशा श्रमानेही येऊ लागते. डॉक्टरांच्या अनुमतीने रोज सपाट रस्त्यावर चालण्यास आरंभ करून मुदत हळूहळू वाढवावी.

मूल होण्याचे वय असल्यास

स्टॅटिन, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन व इव्हाब्रॅडीन ही औषधे गर्भास अपाय करू शकतात. गर्भधारणेचा विचार असल्यास तो आधीच सांगावा, म्हणजे गोळ्यांची पर्यायी तजवीज करता येईल. आणि दिवस गेल्याचे अकस्मात कळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे. मागील गरोदरपणी रक्तदाब वाढला असेल, आकडीचे झटके आले असतील किंवा मधुमेह झाला असेल, तर ती माहिती हृदयाच्या डॉक्टरांना देण्यास विसरू नये. पुढील हृदयविकाराचा तो पूर्वसंकेत मानला जातो.

दरमहाचा खर्च कसा निभावावा

- राज्य कामगार विमा योजना. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या कामगारांस, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या पत्नी व आईवडिलांस, दवाखान्यातील तपासणी आणि रोजच्या गोळ्यांसह उपचार मिळतात. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या स्त्रियांनाही हा हक्क आहे. वेतनचिठ्ठीवर कपात दिसत असेल तर आपला विमा क्रमांक मागून घ्यावा. अंशदानाची अट पूर्ण असल्यास आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. पुण्यात बिबवेवाडी येथे या योजनेचे रुग्णालय आहे.
- शासकीय दवाखाने. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून ग्रामीण व जिल्हा रुग्णालयांपर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. रक्तदाब, मधुमेह यांच्या नेहमीच्या गोळ्यांची चौकशी प्रथम येथे करावी. तज्ज्ञांच्या मतासाठी पुण्याचे ससून रुग्णालय आहे.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. प्रत्येक कुटुंबास दरसाल ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, परंतु ते योजनेच्या यादीतील, रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी. घरी घ्यावयाच्या गोळ्या त्यात येत नाहीत. शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे, आणि दाखल होण्यापूर्वीच मंजुरीची विचारणा करावी.
- जनऔषधी केंद्रे. वर सांगितलेल्या बहुतेक गोळ्या मूळ नावाने पुष्कळ स्वस्त मिळतात. वैद्यक परिषदेचा नियमही असा की डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य लिहावे. तसे लिहून मागण्यात कसलाही संकोच नसावा.

आपले हक्क

१. अर्ज केल्यापासून ७२ तासांच्या आत आपल्या वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती मिळण्याचा हक्क आहे. अँजिओग्राफीची सी.डी.ही मागून घ्यावी. दुसऱ्या तज्ज्ञास ती दाखविल्याने पुन्हा तीच तपासणी टळते.

२. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क आहे, आणि त्याने पहिल्या डॉक्टरांचा अवमान होत नाही.

३. तपासणी वा उपचारांस संमती देणारी व्यक्ती आपण स्वतः आहात. पती किंवा मुलगा सोबत असला तरी माहिती आपल्याला, आपल्या भाषेत मिळाली पाहिजे.

४. महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांस २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. सूक्ष्मवाहिन्यांत स्टेंट बसविता येत नाही. मोठ्या धमनीत लक्षणीय अडथळा नसताना कोणी तो सुचविल्यास कारण लेखी मागावे.

पुढील भेटीस जाताना

एक साधी वही करावी. तिच्यात कळ कधी आली, काय करताना आली, किती वेळ टिकली आणि कोणत्या गोळीने ओसरली याची नोंद ठेवावी. सर्व गोळ्यांची वेष्टने पिशवीत घालून बरोबर न्यावीत. आणि हे पाच प्रश्न लिहून न्यावेत :

- माझ्या वाहिन्या रुंदावत नाहीत, की आकसतात?
- यांतील कोणती गोळी कळेसाठी आणि कोणती रक्षणासाठी?
- गुण येण्यास किती दिवस लागतील, आणि न आल्यास पुढची तजवीज काय?
- कोणत्या त्रासासाठी मी लगेच कळवावे?
- माझा रक्तदाब, साखर आणि चरबी कोणत्या आकड्यावर आणावयाची आहे?

पहिल्याच औषधाने सर्वांना गुण येत नाही. दोन-तीन वेळा फेरबदल करावा लागणे हा उपचाराचाच क्रम आहे, आणि तेवढ्याने निराश होऊन गोळ्या टाकून देण्याचे कारण नाही. घरातील सर्वांचे जेवण झाल्यावर, सर्वांची कामे उरकल्यावर उरलेल्या वेळात स्वतःकडे पाहण्याची आपल्या स्त्रियांची रीत या विकारात घातक ठरते. म्हणून घरातील पुरुषमंडळींस विनंती की, ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ हे वाक्य तिच्यासमोर उच्चारण्याऐवजी पुढील तपासणीची तारीख लिहून ठेवावी आणि त्या दिवशी तिच्याबरोबर दवाखान्यात जावे.